अन्न बाधतें तेव्हां : खपली, गिरणी व घरचें पथ्य

गेल्या सुगीनंतर वाळवा तालुक्यांतील कृष्णाकांठच्या एका शेतकऱ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या सहा वर्षांच्या नातीस वर्षभर पोट फुगणें, पातळ व दुर्गंधीयुक्त शौचास होणें, चिडचीड करणें व वजन न वाढणें असा त्रास होता. पुष्कळ उपाय झाल्यावर तपासणीअंतीं डॉक्टरांनीं निदान केलें कीं, मुलीस गहूं बाधतो व तो जन्मभर वर्ज्य केला पाहिजे. घरच्या मंडळींनीं बाजारचा गहूं त्याच दिवशीं बंद केला, आणि त्याऐवजीं आपल्या अर्ध्या एकरांतील खपलीच्या पोळ्या मुलीस सुरू केल्या. खपली जुनी, देशी व पचनास हलकी, तेव्हां ती बाधणार नाहीं, असा त्यांचा समज. पांच महिने गेले, पण मूल सुधारेना. तेव्हां आजोबा इस्लामपुरास कामानिमित्त आले असतां आम्हांस भेटले व म्हणाले, "खपली तर चालतेच कीं हो? मग चुकतंय कुठं?"

खपली चालत नाहीं. चुकतें तें तेथेंच. परंतु एवढ्या उत्तरानें त्या घरचें काम भागण्यासारखें नव्हतें, व हा समज केवळ त्यांच्याच घरीं आहे असेंही नाहीं. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडीत आहों.

खपली आमच्या भागाच्या जुन्या ओळखीची आहे. जुन्या सातारा जिल्ह्याच्या ज्या दक्षिण भागास १९४९ सालीं दक्षिण सातारा व १९६० सालीं सांगली जिल्हा असें नांव मिळालें त्यांत, तसेंच कोल्हापूर व बेळगांवकडे ती पिढ्यानुपिढ्या पेरली जात आहे. तिच्या दाण्यास टरफल घट्ट चिकटून असतें, तें कांडून किंवा यंत्रांतून काढावें लागतें. तांबेऱ्यास ती साध्या गव्हापेक्षां अधिक टिकाव धरते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें एमएसीएस २९७१ हें तिचें बुटकें वाण काढल्यापासून लोळण्याची तक्रारही कमी झाली आहे. खीर व शेवया करावयाच्या तर खपलीच्याच, असें जुनीं माणसें म्हणतात, आणि अलीकडे तिला साध्या गव्हाहून चांगला भावही मिळतो. भाव मिळूं लागला कीं पिकाबरोबर त्याची कीर्तिही वाढते. तिच्यांतील पिष्ट सावकाश पचतें, सबब मधुमेही माणसास ती बरी, हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु मधुमेह हा एक रोग आणि प्रस्तुत मुलीचा रोग हा अगदीं दुसरा. एका रोगांत बरें असणारें धान्य दुसऱ्यांतही बरें, असा न्याय नाहीं.

पोळीचा साधा गहूं बेचाळीस गुणसूत्रांचा, तर खपली व बन्सी हे अठ्ठावीस गुणसूत्रांचे. पण सारे एकाच कुळांतले. गव्हाचें पीठ मळल्यावर जो चिवटपणा येतो तो ग्लूटेन नांवाच्या नत्रयुक्त द्रव्यामुळें. तें खपलींतही आहे. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखालीं चोळून धुतला असतां पिष्ट निघून जाऊन हातांत जो रबरासारखा लगदा राहतो तो हाच. खपलीचा लगदा थोडा सैल असतो, म्हणून तिची पोळी तितकी ताणली जात नाहीं, एवढाच फरक. रोग ताणण्यानें होत नसून त्या द्रव्याच्या विशिष्ट तुकड्यांनीं होतो, व ते तुकडे खपलींतही असतात.

ह्या रोगास सीलिअ‍ॅक असें नांव आहे. ज्यांस जन्मतः तशी प्रवृत्ति आहे अशा माणसांच्या शरीरांतील संरक्षक यंत्रणा ग्लूटेनच्या तुकड्यांस शत्रु समजते, आणि त्या झुंजीत आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी करते. ह्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात व अन्नरस शोषून घेण्याचें काम तेच करतात. अंकुर झडून अस्तर सपाट झालें कीं मूल कितीही खावो, अंगीं लागत नाहीं. मुलाची उंची खुंटते व पंडुरोग जडतो, आणि लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाहीं. मोठ्या माणसांत तर कित्येकदां जुलाबांचा मागमूसही नसतो, केवळ न हटणारा पंडुरोग किंवा ठिसूळ हाडें एवढेंच लक्षण दिसतें. उत्तर हिंदुस्थानांत हा रोग सुमारें शंभरांत एकास असल्याचें आढळलें आहे, दक्षिणेंत तो त्या मानानें पुष्कळ विरळा. आम्ही गव्हाचे व जोंधळ्याचे अशा दोन्ही मुलुखांच्या सीमेवर राहतों. आपल्या आज्यापणज्यांच्या ताटांत पोळी सणावारींच येई, आतां ती रोज दोन वेळां येते, हाही विचार करण्यासारखा भाग आहे.

गहूं हें याचें कारण आहे ही गोष्ट फार जुनी नव्हे. लंडनच्या डॉक्टर सॅम्युएल जी यांनीं १८८८ सालीं ह्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध करून, उपाय झाला तर तो आहारानेंच होईल असें म्हटलें होतें. परंतु कोणता आहार हें त्यांस उमगलें नाहीं. तें हॉलंडांतील बालरोगचिकित्सक विलेम डिके यांच्या ध्यानांत आलें. त्यांचा गव्हावर संशय महायुद्धापूर्वींपासून होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, व माणसें ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढूं लागलीं. त्या दिवसांत इतर मुलें खंगत असतां हीं दुखणाईत मुलें मात्र खालावलीं नाहींत, आणि पाव पुन्हां येऊं लागतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. १९५० सालीं त्यांनीं याविषयीं आपला प्रबंध सादर केला. उपासमारीच्या दिवसांतून निघालेलें हें ज्ञान आज जगभर ह्या रोगाचा एकमेव उपाय म्हणून चालतें. अद्याप यावर औषध नाहीं. पथ्य हेंच औषध.

येथें एका शब्दाविषयीं लिहिणें भाग आहे. आमच्याकडे 'बाधतें' हा शब्द फार ढिला वापरला जातो. दूध बाधतें, वांगें बाधतें, शेंगा बाधतात, हरभरा बाधतो, असें सारें एकाच सुरांत म्हणतात. वस्तुतः यांत निरनिराळे प्रकार आहेत. एक वर सांगितलेला सीलिअ‍ॅक, जो हळूहळू आतडें पोखरतो. दुसरा अ‍ॅलर्जीचा. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रचारांत आणला. यांत पदार्थ पोटांत गेल्यावर कांहीं मिनिटांत किंवा फार तर दोनएक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, ओकारी होते, आणि क्वचित् घसा दाटून धाप लागते. तिसरा प्रकार नुसत्या अपचनाचा, म्हणजे पचविण्यास लागणारा रस अंगांत कमी असल्यामुळें पोट फुगणें व ढाळ होणें. पहिल्यांत एक चिमूटही चालत नाहीं. दुसऱ्यांत चिमटीनेंही जीव जाऊं शकतो. तिसऱ्यांत मात्र थोडें खाल्लें तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. तेव्हां आपल्या घरीं कोणता प्रकार आहे हें कळल्यावांचून पथ्य ठरवूं नये.

याच कारणास्तव आमची पहिली विनंती अशी आहे कीं, संशय आला म्हणून गहूं आपण होऊन बंद करूं नये. हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सीलिअ‍ॅकची तपासणी म्हणजे रक्तांतील टीटीजी नांवाची परीक्षा, व जरूर तर नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहणें. गहूं कांहीं आठवडे सोडला कीं ह्या दोन्ही खुणा मावळूं लागतात आणि परीक्षेंत कांहीं सांपडत नाहीं. मग रोग आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं त्याच मुलास पुन्हां मुद्दाम गहूं खाऊं घालण्याची पाळी येते. आधीं परीक्षा करावी व मग पथ्य धरावें. निदान पक्कें झालें तर आईबाप व भावंडें यांचीही परीक्षा करून घ्यावी. सख्ख्या नात्यांत हा रोग सुमारें दहांत एकास आढळतो, व कित्येकदां त्यांस त्याची गंधवार्ताही नसते.

आतां त्या मुलीच्या घराकडे वळूं. खपली बंद झाली. त्यांनीं शाळूची भाकरी सुरू केली. जोंधळा, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, वरी, राळा, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी यांत हें द्रव्य नाहीं. जव म्हणजेच सातू यांत आहे, सबब सातूचें पीठ वर्ज्य. मुलीचे जुलाब थांबले, परंतु पोट फुगणें राहिलेंच. आम्ही विचारलें, "शाळू दळतां कोठें?" गांवच्या गिरणींत, अर्थात्.

गिरणीचा मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा असून त्याविषयीं कोणीच बोलत नाहीं. इटलींतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेलें तरी आतड्याचें अस्तर बिघडूं लागतें. गव्हाच्या पिठांत सुमारें दहावा हिस्सा ग्लूटेन असतें. म्हणजे पन्नास मिलिग्रॅम हें अर्ध्या ग्रॅम कणकेंत आलें, जुन्या हिशेबानें अर्धा मासा. चिमटीत धरली तर दिसणारही नाहीं एवढी ती कणीक. आणि गिरणींत काय होतें? आधींच्या गिऱ्हाइकाचा गहूं दळून झाला कीं त्याच पाळ्यांत आपला शाळू पडतो. पाळूच्या खांचांत, नळकांड्यांत व तोंडास बांधलेल्या कापडी पिशवींत जें गव्हाचें पीठ राहिलें असतें तें आपल्या डब्यांत उतरतें. गिरणीवाले सांडलेलें पीठ झाडून डब्यांत भरतात तें निराळेंच. ह्यांत गिरणीवाल्याचा दोष नाहीं, त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

उपाय दोन आहेत. उत्तम उपाय म्हणजे घरीं जातें किंवा लहान घरगुती चक्की ठेवून तींत गहूं कधींच न दळणें. ज्यांच्या घरीं आजीचें जातें अडगळींत पडलें असेल त्यांनीं तें धुऊन, टाकी लावून घ्यावें. एका मुलाच्या भाकरीपुरतें पीठ जात्यावर दळणें हें कांहीं फार मोठें काम नव्हे. दुसरा उपाय जेथें बाजरी-जोंधळ्याची निराळी चक्की आहे अशी गिरणी शोधून, तीवर गहूं खरोखरच कधीं पडत नाहीं याची खात्री करून घेणें. सकाळीं पहिलें दळण आपलें ठेवणें व पहिलीं दोन शेर पीठ काढून गुरांस घालणें ही युक्ति पुष्कळ जण सांगतात. त्यानें भेसळ कमी होते, नाहींशी होत नाहीं, म्हणून तीवर विसंबूं नये.

दुसरी चोरवाट बायकांच्या ध्यानांत लवकर येते व पुरुषांच्या येत नाहीं. ती हिंगाची. बाजारांत मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. हिंगाचा चीक फार उग्र असल्यामुळें तो पिठांत व डिंकांत बांधतात, आणि तें पीठ पुष्कळदां गव्हाचें असतें. रोजच्या आमटींत, लोणच्यांत व पापडांत तो पडतो. डबीवर तांदळाच्या पिठाचा असें स्पष्ट छापलेला हिंग घ्यावा, नाहींतर फोडणी लसणाची द्यावी. गव्हाच्या कुरडया, रव्याचा शिरा, भज्यांच्या बेसनांत कुरकुरीतपणासाठीं घातलेला मैदा, ज्या तेलांत पुऱ्या तळल्या त्याच तेलांत तळलेले पापड, पोळपाटावर लाटलेली भाकरी, कणकेच्या हातानें वाढलेला भात, ह्या सर्व ठिकाणीं गहूं दडून असतो. त्या मुलीसाठीं निराळा तवा, निराळी परात व निराळें पोळपाट-लाटणें करावें हें उत्तम. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ही सर्वांत अवघड जागा, कारण तेथें नको म्हणणें लोकांस अपमान वाटतो. आमच्या माहितींतील कित्येक घरीं आतां वरीच्या तांदळाचा शिरा करतात, व तो देवास चालतो.

पथ्य म्हणजे उपासमार नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. नुसती शाळूची भाकरी व चटणी यांवर वाढतें मूल पोसलें जाणार नाहीं. जोंधळ्याच्या नत्रयुक्त द्रव्यांत लायसिन नांवाचा एक घटक अपुरा असतो, आणि नेमका तोच डाळींत भरपूर असतो. आमची भाकरी-आमटी व झुणका-भाकरी ही जोडी त्या दृष्टीनें निर्दोष आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या आसपास चुना असतो, इतका दुसऱ्या कोणत्याही तृणधान्यांत नाहीं. ज्याचें आतडें पूर्वीं बिघडलें होतें त्याच्या हाडांस तो हवाच. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, अंडें किंवा मांस ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं तेंही द्यावें. बाहेर 'ग्लूटेनविरहित' म्हणून जीं महाग बिस्किटें मिळतात त्यांच्या नादीं शेतकऱ्यानें लागूं नये. ज्याच्या शेतांत मालदांडी पिकते त्यानें परदेशी कल्पनेच्या पुड्यास दाम कां मोजावें?

शेंगदाण्याचें नांव आलें म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे अ‍ॅलर्जीकडे वळतों. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हा मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. निफाडकर, डॉ. पाटील व डॉ. बापट यांनीं हरभऱ्याकडे लक्ष वेधलें. हरभऱ्यामुळें झालेल्या जीवघेण्या प्रकाराचें वृत्त त्यांनीं १९९७ सालीं, व हरभरा हा ह्या उपखंडांतील एक मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ असल्याचा अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध केला. ज्या मुलुखांत बेसनावांचून सण होत नाहीं तेथें ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शेंगदाण्याचें कूट आमच्या स्वयंपाकांत इतकें मुरलेलें आहे कीं तें घातलें हें सांगण्याचेंही कोणास सुचत नाहीं. वांग्याच्या भाजींत, मटकीच्या उसळींत, काकडीच्या कोशिंबिरींत, उपासाच्या खिचडींत तें असतेंच. लाकडी घाण्याच्या तेलाची हल्ली पुन्हां आवड उत्पन्न झाली आहे, व शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती चांगली. परंतु घाण्याच्या तेलांत शेंगदाण्याच्या नत्रयुक्त द्रव्याचा अंश राहतो, शुद्धीकरण केलेल्या तेलांत तो जवळजवळ उरत नाहीं. ज्यास शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यास घाण्याचें तेल देऊं नये, मग तें कितीही सात्त्विक असो.

अंगावर गांधी उठल्या कीं आमच्याकडे 'पित्त उठलें' म्हणतात व आमसुलाचें पाणी अंगास चोळतात. नुसत्या खाजेपुरतें तसें करण्यास हरकत नाहीं. परंतु गांधींबरोबर आवाज बसणें, श्वासास घरघर लागणें, वारंवार ओकारी होणें किंवा मूल एकाएकीं निपचित पडणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर आमसुलें शोधीत बसूं नये. तो काळ मिनिटांचा असतो. यावर खरा उपाय अ‍ॅड्रेनॅलिनची सुई, ती मांडीच्या स्नायूंत द्यावयाची असते व ती दवाखान्यांत असते. आपल्या घरीं असा रोगी असल्यास जवळच्या कोणत्या दवाखान्यांत ती रात्रीं-अपरात्रीं मिळेल हें आधींच विचारून ठेवावें, व मळ्यावरून तेथवर जाण्यास वाहन कोणाचें घ्यावयाचें हेंही ठरवून ठेवावें. वाटेंत रोग्यास निजवून पाय उंच ठेवावे. धाप असेल तर बसतें ठेवावें, पण उभें करून चालवूं नये.

तान्ह्या मुलांविषयीं जुना सल्ला असा होता कीं असे पदार्थ उशिरा द्यावे. तो आतां बदलला आहे. इंग्लंडांत ६४० मुलांवर केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्या मुलांस अंगावर तीव्र खरूजेसारखा इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती अशांपैकीं निम्म्यांस चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमानें दिला, निम्म्यांस पांच वर्षें दिला नाहीं. न दिलेल्यांत अ‍ॅलर्जीचें प्रमाण शंभरांत सुमारें सतरा निघालें, दिलेल्यांत सुमारें तीन. सहा महिने अंगावरच्या दुधावर मूल ठेवून पुढें उष्टावणाच्या सुमारास कूट अगदीं बारीक करून पेजेंत कालवून देणें हें आमच्या आज्यांस नवें नव्हतें. ज्या मुलास तीव्र इसब आहे त्याच्या बाबतींत मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें. अख्खा दाणा पांच वर्षांच्या आंतील मुलास कधींही देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो.

दुधाविषयीं थोडक्यांत. दुधांत दुग्धशर्करा असते व ती पचविणारा रस लहानपणीं सर्वांस भरपूर असतो. पुढें जगांतील सुमारें दोनतृतीयांश माणसांत तो कमी होत जातो. हा रोग नव्हे, ती प्रकृति आहे. अशा माणसानें एकदम तांब्याभर दूध पिऊं नये एवढेंच. कपभर दूध जेवणाबरोबर बहुतेकांस सोसतें. दह्याच्या विरजणांतील जंतू दुग्धशर्करेचा कांहीं भाग खाऊन टाकतात, शिवाय तेच जंतू पोटांत गेल्यावर पचनास हात देतात, म्हणून दही-ताक निभावतें. तूप तर निर्धास्त खावें. जुलाबाच्या मोठ्या दुखण्यानंतर लहान मुलासही कांहीं दिवस दूध पचेनासें होतें, तें आपोआप सुधारतें. परंतु दुधाची अ‍ॅलर्जी ही याहून वेगळी. गाईच्या दुधानें ज्या तान्ह्या मुलाच्या अंगावर गांधी उठतात किंवा शौचांतून रक्त पडतें, त्यास शेळीचें किंवा म्हशीचें दूध द्यावें असा गांवठी सल्ला सर्रास मिळतो, तो घातक आहे. ह्या सर्व दुधांतील नत्रयुक्त द्रव्यें इतकीं सारखीं आहेत कीं एक बाधलें तर दुसरेंही बहुधा बाधतें. खिलार गाईच्या दुधाविषयीं जे दावे केले जातात त्यांसही हेंच लागू. खिलार आम्हांस प्रिय आहे, परंतु तिच्याही दुधांत दुग्धशर्करा तितकीच आहे. अशा मुलास आईचें दूध चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालावें.

आणखी एक गोष्ट आपल्या गुऱ्हाळांची व बेदाण्याच्या शेडांची आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलींत 'हायड्रोस' टाकतात, व बेदाणा सोनेरी रहावा म्हणून त्यास गंधकाची धुरी देतात. दोहोंमुळें मालांत गंधकाचा अंश राहतो. निरोगी माणसास तो जाणवत नाहीं, पण दम्याच्या कांहीं रोग्यांस त्यानें धाप लागते. दमेकऱ्यानें काळपट, बिनहायड्रोसचा गूळ खावा. बाजारच पिवळा रंग मागतो हें आम्हांस ठाऊक आहे, तथापि निदान घरच्यासाठीं एक काहील तशीच उतरविण्यास अडचण नसावी.

अखेरीस, विकणाऱ्याचें कर्तव्य. भारतांतील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंद पुड्यांवर ग्लूटेनयुक्त धान्यें, दूध, अंडीं, मासे, कवचीचे जलचर, शेंगदाणे, कठीण कवचाचीं फळें, सोयाबीन आणि दर किलोस दहा मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट, हीं असल्यास तसें छापणें आवश्यक आहे. 'ग्लूटेनविरहित' म्हणावयाचें तर तें दर किलोस वीस मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. आमचे कित्येक शेतकरी व बचतगट आतां पीठ, शेवया व खपली स्वतः पिशव्यांत भरून विकतात, त्यांसही हें लागू आहे. खपलीवर 'गहूं चालत नाहीं त्यांच्यासाठीं' असें लिहिलेली पिशवी आम्हीं स्वतः पाहिली आहे. लिहिणाऱ्याच्या मनांत कपट नसेल, परंतु ती पिशवी घेणारें घर वर सांगितलेल्या घरासारखें असूं शकतें. ज्यांस शुद्ध शाळू किंवा नाचणी ह्या रोग्यांसाठीं विकावयाची असेल त्यांनीं मळणीयंत्र गव्हाआधीं आपल्याकडे लावून घ्यावें किंवा खळ्यावर मळावें, गव्हाचीं रिकामीं पोतीं वापरूं नयेत, आणि दाणा निवडून धुऊन वाळवावा.

मुलीच्या आजोबांनीं जातें काढलें. गेल्या महिन्यांत ते पुन्हां भेटले तेव्हां तिचें वजन अडीच किलो वाढलें होतें, व ती शाळेच्या डब्यांत शाळूची भाकरी नेते म्हणून पोरें चिडवतात, ही त्यांची नवी तक्रार होती. खपली ते अजून पेरतात. पिशवी देतांना गिऱ्हाइकास विचारतात, घरीं कोणास गहूं बंद केला आहे काय? मागच्या हंगामांत अशीं दोन गिऱ्हाइकें त्यांनीं परत पाठविलीं, आणि त्यांतील एकानें शाळू नेला.